सिस्टरांची नोकरी: कार्यसमाधानाच्या अभ्यासाची प्रस्तावना

परिचारिका आपल्या नोकरीत समाधानी आहेत का, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा संपाच्या बातमीबरोबर येतो आणि संप मिटला की मागे पडतो. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य सरकारी कर्मचारी संपावर गेले, त्यात सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिकाही होत्या. आठवडाभर त्यांच्याविषयी छापून आले, मग थांबले. त्याआधी २०२२ च्या उन्हाळ्यात रिक्त पदे बाह्यस्रोतातून भरण्याच्या हालचालींविरुद्ध त्यांनी आंदोलन केले होते. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांचा आवाज याहून विरळा. २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातील तरुण परिचारिकेच्या मृत्यूनंतर तो उठला आणि सक्तीचे बाँड व अडकवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रे यांच्याबद्दल लोकांना पहिल्यांदा कळले. दोन बातम्यांच्या मधली वर्षे मात्र कोरीच राहतात. या मधल्या वर्षांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. नर्सिंगच्या एम.एस्सी.चा प्रबंध हाती घेतलेल्या विद्यार्थिनी, रुग्णालय व्यवस्थापन शिकणारे तरुण, समाजशास्त्राचे अभ्यासक आणि कार्यालयात बसून उद्याचा ड्यूटी चार्ट जुळवणाऱ्या अधिसेविका, सगळ्यांचे इथे स्वागत आहे. विषय मोठा आहे आणि मराठीत त्यावर काम करायला भरपूर जागा आहे.

सुरुवातीलाच एक शंका दूर केली पाहिजे. कर्मचाऱ्यांचे समाधान हा कर्मचारी विभागाचा मामला, त्याचा रुग्णाशी काय संबंध, असे अनेकांना वाटते. २००२ मध्ये लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. त्याच एका जादा रुग्णामुळे परिचारिका पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि नोकरीबद्दल असमाधानी असण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढत होती. म्हणजे रुग्णाचा जीव आणि सिस्टरचे समाधान या दोन्ही गोष्टी एकाच ओझ्याखाली दबतात. या अभ्यासाने विषयाला जे वजन दिले, ते त्याआधीच्या कोणत्याही प्रश्नावलीने दिले नव्हते.

प्रश्नावल्या तशा खूप आहेत. १९३५ मध्ये रॉबर्ट हॉपॉक यांनी कार्यसमाधानावर पहिले नावाजलेले पुस्तक लिहिले. १९५९ मध्ये फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी दोन घटकांचा सिद्धान्त मांडला आणि तो आजही आपल्याकडच्या प्रबंधांच्या दुसऱ्या प्रकरणात हमखास भेटतो. पगार, धोरणे, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी वाईट असल्या तर असमाधान होते. पण समाधान मिळते ते कामातून, कामाच्या कौतुकातून, जबाबदारीतून, असे त्यांचे म्हणणे. सिद्धान्त देखणा आहे. तो उभा राहिला तो पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवर. त्यांच्या पगारात त्यांचे घर चालत होते. ज्या परिचारिकेचा महिन्याचा पगार खोलीभाडे आणि गावी पाठवायचे पैसे यांतच संपतो, तिच्या बाबतीत पगाराला निव्वळ बाहेरचा घटक म्हणता येईल का, हे आपण तपासायचे आहे, गृहीत धरायचे नाही. पॉल स्पेक्टर यांची १९८५ ची ३६ प्रश्नांची मोजपट्टी सर्वच सेवाक्षेत्रांसाठी आहे. मॅक्लॉस्की आणि म्युलर यांची १९९० ची ३१ प्रश्नांची मोजपट्टी खास परिचारिकांसाठी आहे आणि पाळ्या, सुट्ट्या, मातृत्वाच्या सवलती असे प्रश्न तीत आहेत. दोन्ही वापरण्याजोग्या आहेत, पण त्या जशाच्या तशा मराठीत उतरवून भागत नाही. आपल्या वॉर्डात जे घडते ते त्यांच्या प्रश्नांत मावले पाहिजे.

वॉर्डात काय घडते? आधी सरकारी रुग्णालय घेऊ. भारतीय परिचर्या परिषदेचा मापदंड सांगतो की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात दर तीन खाटांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत दर पाच खाटांमागे एक, आणि रजेसाठी वर ३० टक्के राखीव. हे गुणोत्तर अनेक जण चुकीचे वाचतात. ते एकूण नेमणुकांचे आहे. तीस खाटांच्या वॉर्डाला दहा जणी मिळाल्या, तर तीन पाळ्यांत विभागून एका वेळी वॉर्डात असतात जेमतेम तिघी. त्यात राखीव पदे भरलेली नसली की कुणाची रजा, कुणाची बाळंतपणाची सुट्टी, कुणाची कोर्टात साक्ष यांचा भार उरलेल्यांवर पडतो. रात्रपाळीला एकटी सिस्टर आणि तीस खाटांवर पंचेचाळीस रुग्ण, जादा पंधरा खाली गाद्यांवर, हे दृश्य ज्याने जिल्हा रुग्णालयात एक रात्र काढली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. मापदंड खाटा मोजतो. खाली गादीवर झोपलेला रुग्ण त्याच्या हिशेबात येत नाही, सलाइन मात्र त्यालाही लावायचे असते आणि त्यासाठी सिस्टरला प्रत्येक वेळी जमिनीवर वाकावे लागते. पाठदुखीची तक्रार सरकारी परिचारिकांत इतकी का आढळते, याचे एक कारण इतके साधे आहे.

आणखी एक गोष्ट परदेशी प्रश्नावलीत सापडणार नाही. वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरकडे, म्हणजे परिसेविकेकडे, डेड स्टॉक रजिस्टर असते. खाटा, लॉकर, स्टूल, ट्रे, चादरी, रबरशीट, बीपीचे यंत्र, सगळ्याची नोंद त्यात. मोडलेली वस्तूही निर्लेखन होईपर्यंत फेकता येत नाही. ती जिन्याखाली किंवा बाथरूमशेजारच्या खोलीत जपून ठेवावी लागते, कारण ती रजिस्टरात आहे. बदली झाली की चार्ज द्यायचा, आणि चार्ज देताना आकडा जुळला नाही तर रक्कम भरायची. निवृत्तीच्या शेवटच्या महिन्यात पेन्शनचे कागद पुरे करण्याऐवजी हरवलेल्या ब्लँकेटांचा हिशेब लावत बसलेल्या परिसेविका मी पाहिल्या आहेत. तीस वर्षे रुग्णसेवा केलेल्या बाईला अखेरीस भांडारपालासारखे तपासले जाते. हर्झबर्ग यांच्या भाषेत हे धोरण आणि प्रशासन या सदरात जाईल. मला ते त्याहून गंभीर वाटते, कारण इथे तिच्या प्रामाणिकपणावरच प्रश्नचिन्ह उठते.

असे असूनही सरकारी परिचारिकेला विचारले, नोकरी सोडाल का, तर ती चटकन नाही म्हणते. नियमित वेतन, वेतन आयोग, रजा, वैद्यकीय प्रतिपूर्ती या गोष्टी आहेतच. त्यांच्या पलीकडे घरातले तिचे स्थान आहे. बँकेचे गृहकर्ज तिच्या पगारपत्रकावर मिळते, भावाचे शिक्षण तिच्यावर होते, सासरी तिच्या रात्रपाळीला आक्षेप घेणारे तोंड ती कायम झाल्यावर मिटते. एकेकाळी हा पेशा घरंदाज मुलींसाठी नव्हेच असे समजले जाई. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, त्यात विधवाही होत्या, आणि तेव्हा समाजाचा विरोध मोठा होता. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या मिशन रुग्णालयासारख्या संस्थांनी या पेशाला शिस्त आणि शाळा दिली. या पार्श्वभूमीवर सरकारी नोकरीने परिचारिकेला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती समाधानाच्या कोणत्याही मोजणीत धरावीच लागेल.

आपलेपणाचाही एक भाग आहे, आणि तो लिहिताना मन जड होते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत त्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी, एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे सोपवत, त्यांची शुश्रूषा केली. २०११ मध्ये दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा न्यायालयाने याच कर्मचारीवर्गाला त्यांचे जवळचे मानले. हे नाते नेमणुकीच्या पत्रात लिहिलेले नव्हते. परंतु याच घटनेची दुसरी बाजू अभ्यासकाने नजरेआड करू नये: एक परिचारिका आपल्या कामाच्या ठिकाणी, ड्यूटी संपवून कपडे बदलायला गेली असताना असुरक्षित होती. रात्रपाळीला जाताना अंधारा बोळ लागतो का, कपडे बदलायच्या खोलीला कडी आहे का, हे प्रश्न समाधानाच्या प्रश्नावलीत आज तरी असलेच पाहिजेत.

सरकारी नोकरीची सुरक्षितता सगळ्यांना मिळते हेही खरे नाही. एकाच वॉर्डात, एकाच गणवेशात, कायम अधिपरिचारिका आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी परिचारिका शेजारी शेजारी काम करतात. कायम असलेल्यांमध्येही १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालेल्या आणि नंतरच्या असा पेन्शनचा भेद आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. चौकशीनंतर ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांत कंत्राटी परिचारिकाही होत्या; त्यांची सेवा समाप्त करण्यात आली. दोष कुणाचा किती होता हा न्यायालयाचा विषय. अभ्यासकाने एवढे नोंदवावे, की त्यानंतर नवजात कक्षात काम करणारी कंत्राटी परिचारिका प्रश्नावलीतल्या नोकरीच्या सुरक्षिततेच्या चौकटीवर खूण करते तेव्हा तिच्या मनात काय असते. सरकारी विरुद्ध खासगी अशी दोन रकान्यांची तुलना करणारे प्रबंध या परिचारिकेला सरकारी रकान्यात टाकून मोकळे होतात आणि सरासरी काढतात. त्या सरासरीतून कायम आणि कंत्राटी या दोघींचीही गोष्ट पुसली जाते.

खासगी क्षेत्राचेही तसेच. कॉर्पोरेट रुग्णालय, धर्मादाय ट्रस्टचे रुग्णालय आणि तालुक्याच्या गावातले पंधरा खाटांचे नर्सिंग होम यांना एका शब्दात बांधणे धाडसाचे आहे. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये जिला सगळे सिस्टर म्हणतात, तिची परिचर्या परिषदेकडे नोंदणी असेलच असे नाही. अनेकदा ती डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेली, दहावी-बारावी झालेली मुलगी असते. खासगी रुग्णालयांच्या नोंदणीसाठी आपल्या राज्यात १९४९ चा कायदा आहे आणि पात्र परिचारिका असण्याची अटही आहे. पण अभ्यासात नमुना निवडताना परिचारिका कोणाला म्हणायचे, हे आधी ठरवावे लागते. केवळ नोंदणीकृत परिचारिका घेतल्या तर सर्वांत कमी पगारावर राबणाऱ्या मुली अभ्यासाबाहेर राहतात. मी त्यांना आत घेण्याच्या बाजूची आहे, वेगळा गट म्हणून का होईना.

मोठ्या खासगी रुग्णालयात गर्दी कमी, यंत्रे चांगली, औषधे हाताशी. नवी परिचारिका इथे व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदयशस्त्रक्रियेनंतरची देखभाल लवकर शिकते आणि तिला त्याचा रास्त अभिमान असतो. तिची अडचण निराळी. हातमोज्याची जोडी, सिरिंज, कॅथेटर, जे जे वापरले ते बिलासाठी नोंदवायचे. नोंद राहिली तर ती रक्कम परिचारिकेच्या पगारातून कापणारी ठिकाणेही आहेत. रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या तपासणीसाठी फायली भरायच्या. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक बिल पाहून चिडतात, आणि समोर असते ती सिस्टर, जिचा स्वतःचा वाटा त्या बिलात फार थोडा आहे. तरीही चेहऱ्यावर हसू हवे, कारण अभिप्रायाचा फॉर्म भरला जाणार असतो. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानसेविकांचा अभ्यास करून भावनांच्या श्रमाची कल्पना मांडली. आपल्या खासगी रुग्णालयांत ती कल्पना घेऊन कुणीतरी सविस्तर काम केले पाहिजे.

पगाराविषयी एक दस्तऐवज प्रत्येक नव्या अभ्यासकाने वाचावा. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही १९०८ पासूनची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला तज्ज्ञ समिती नेमायला सांगितले. समितीने शिफारस केली: २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचे वेतन राज्य सरकारच्या परिचारिकेइतके असावे, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयात त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी फार तर २५ टक्के कमी, आणि ५० खाटांखालीही दरमहा २० हजार रुपयांपेक्षा कमी नसावे. अंमलबजावणी राज्यांकडे सोपवली गेली. केरळमध्ये परिचारिकांच्या संघटनांनी संपाची तयारी केली आणि २०१७ मध्ये सरकारला २० हजारांचे किमान वेतन जाहीर करावे लागले. महाराष्ट्रात ही शिफारस किती खासगी परिचारिकांना माहीत आहे, एवढाच प्रश्न घेऊनही एक चांगला प्रबंध होईल.

आता मला या विषयात सर्वांत महत्त्वाचे काय वाटते ते सांगते. दोन क्षेत्रांच्या परिचारिकांना गुण देऊन कोण जास्त समाधानी हे ठरवण्यात फारसे हाती लागत नाही. सरकारी परिचारिका सुरक्षिततेच्या प्रश्नांवर वर जाते, खासगी परिचारिका साधनसामग्रीच्या प्रश्नांवर, आणि बेरीज जवळपास सारखी येते. पण दोघींशी निवांत बोलत बसले, की दुखरी जागा एकच निघते: शिकवले तसे काम करता येत नाही. अर्धांगवायूच्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे हे पहिल्या वर्षात शिकवलेले असते. सरकारी वॉर्डात हात पुरत नाहीत म्हणून ते राहते. खासगीत फाइल आणि बिल भरण्यात वेळ गेला म्हणून राहते. शय्याव्रण उघडते तेव्हा ते प्रथम पाहणारी तीच असते. बीट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये अशा राहून गेलेल्या शुश्रूषेची पद्धतशीर नोंद सुरू केली: रुग्णाला वळवणे, चालवणे, भरवणे, धीर देणे, घरी जाताना नीट समजावून सांगणे. काय करायला हवे हे माहीत असूनही व्यवस्थेमुळे करता न येण्याच्या या यातनेला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्येच नैतिक क्लेश म्हटले होते. पगार वाढला म्हणून हा क्लेश जात नाही. पगार कमी असला तर तो सोसायचे बळही राहत नाही, म्हणून दोन्ही प्रश्न एकत्रच विचारावे लागतात.

विचारण्याच्या पद्धतीबद्दल थोडे. प्रश्नावलीचे गठ्ठे मेट्रन ऑफिसमधून वाटले आणि तिथेच गोळा केले, की सगळ्या परिचारिका समाधानी निघतात. ज्या टेबलावर आपल्या रजेचा अर्ज मंजूर व्हायचा, त्याच टेबलावर आपली नाराजी कोण ठेवील? फॉर्म हातात द्यावा, बंद पेटीत घ्यावा, नाव-वॉर्ड विचारू नये. लहान रुग्णालयात वय आणि अनुभवाची वर्षे एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, हे ध्यानात ठेवावे. ड्यूटीवर असताना मुलाखत मागू नये. मागितली तर ती देईल, पण त्या वीस मिनिटांचे काम कुणा रुग्णाचे राहील.

दुसरे, जे निघून गेले त्यांचा विचार. सरकारी परिचारिका बहुधा निवृत्त होऊनच बाहेर पडते. खासगी परिचारिका सरकारी भरतीची जाहिरात, लग्न, आखाती देश, ब्रिटन यांपैकी एखादी वाट धरून दोन-तीन वर्षांत निघते. आता जर्मनीही त्यात आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी केलेल्या करारात परिचारिकांचाही समावेश आहे. त्यामुळे खासगी रुग्णालयात आज जिला प्रश्न विचारतो, ती एकतर नुकती आलेली असते किंवा टिकून राहिलेली. सर्वांत नाराज होत्या त्या केव्हाच गेलेल्या असतात आणि त्यांचे मत आकड्यांत येत नाही. दोन क्षेत्रांच्या तुलनेतला हा दोष कोणत्याही संख्याशास्त्रीय चाचणीने दुरुस्त होत नाही. सोडून गेलेल्यांना शोधून भेटावे लागते.

जुने अहवालही वाचावेत. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये परिचारिकांची टंचाई आणि त्यांच्या कामाची, राहण्याची हलाखी नोंदवली. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चाधिकार समितीने १९८९ मध्ये पुन्हा तेच प्रश्न तपशिलाने मांडले. दोन अहवालांत चार दशकांचे अंतर आहे आणि तक्रारींची यादी बरीचशी तीच आहे.

ज्यांना सुरुवात कुठून करावी असा प्रश्न पडला असेल, त्यांनी प्रश्नावलीकडे लगेच वळू नये. परवानगी घेऊन एका वॉर्डाचा एका महिन्याचा ड्यूटी चार्ट मागून घ्यावा. कुणाला सलग किती रात्री लागल्या, कुणाचा ऑफ कापला गेला, डबल ड्यूटी कुणी केली, कंत्राटी नावांना सणाच्या दिवशी कोणती पाळी आली, हे त्यात लाल-निळ्या शाईत लिहिलेले असते. त्याच महिन्याचे रुग्णसंख्येचे रजिस्टर शेजारी ठेवावे आणि दर पाळीला एका परिचारिकेमागे किती रुग्ण येतात ते काढावे. हे एवढे झाले की मग त्या चार्टातल्या सिस्टरांशी बोलायला जावे. त्यांना काय विचारायचे ते तोवर कळलेले असते.